वळिवड्याची छावणी आणि अकोल्याची कच्ची खोली

इतिहासावर बोलावयाचे म्हटले की आपल्या वऱ्हाडात गाविलगड, नरनाळा आणि बाळापूरची छत्री यांच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही. आम्हीही त्या जागा पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हाला प्रेम आहे. परंतु आज ज्याविषयी बोलावयाचे आहे त्याला बुरूज नाही की शिलालेख नाही. अकोल्याच्या सिंधी कॅम्पात 'कच्ची खोली' आणि 'पक्की खोली' अशा नावांच्या दोन वस्त्या आहेत. रिक्षावाल्याला नुसते 'कच्ची खोली' म्हटले की तो नेमका तेथे नेऊन सोडतो. पोस्टमन तो पत्ता ओळखतो, दुकानांच्या पाट्यांवर तो लिहिलेला असतो. ती खोली कोणाची होती आणि कच्ची का होती, असा प्रश्न आम्ही तिच्यावरून सायकल हाकीत जाताना तीस वर्षांत एकदाही केला नाही. पुढे तो मनात आला तो फार दूरच्या एका गावामुळे. म्हणून श्रोत्यांनी थोडा वेळ अकोला-अमरावती सोडून आमच्याबरोबर परदेशी यावे.

त्याआधी एक कबुली देतो. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या आवारात, कामगार कचेरीच्या बाकावर आणि गावच्या वाचनालयात झाले. हमाल, मापाडी, जिनातल्या बाया आणि कापड दुकानातले गुमास्ते यांच्या संघटना बांधण्यात आयुष्य गेले. तेव्हा आमच्या बोलण्यात वर्गणी, ठराव आणि पावतीपुस्तक जरा जास्त येईल. ते आमच्या धंद्याचे वळण आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस माँटेबेलो नावाचे एक उपनगर आहे. तेथील एका सार्वजनिक बागेत १९६८ साली एक स्मारक उभे राहिले. आठ खांब, वर जाताना निमुळते होत एकमेकांना मिळालेले, उंची सुमारे ७५ फूट. ते आर्मेनियन लोकांनी आपल्या मृतांसाठी बांधले. मौज अशी, की ज्यांच्यासाठी बांधले त्यांच्यापैकी एकही जण त्या भूमीवर मेला नव्हता. ते सारे मेले तेथून हजारो मैलांवर, तुर्की साम्राज्यात. २४ एप्रिल १९१५ या दिवशी कॉन्स्टँटिनोपल शहरात आर्मेनियन शिक्षक, लेखक आणि पुढारी यांची धरपकड सुरू झाली. त्यानंतर गावेच्या गावे घरातून काढून सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आली. वाटेत माणसे कापली गेली, उपाशी मेली, तहानेने मेली. मृतांचा आकडा काही जण सहा लाख सांगतात तर काही पंधरा लाख. आर्मेनियन स्वतः पंधरा लाख मानतात. तुर्की सरकारने त्याला वंशसंहार म्हणण्यास आजवर नकार दिला आहे.

हे लोक आपल्याला अगदीच परके आहेत असे मात्र समजू नये. मोगलांच्या काळापासून आर्मेनियन व्यापारी हिंदुस्थानात होते. मुंबईच्या कोटात पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या नगीनदास मास्तर मार्गावर, त्यांचे १७९६ सालचे प्रार्थनामंदिर आहे आणि त्यालगतच्या इमारतीला त्यांच्या पवित्र पर्वताचे, आराराताचे, नाव आहे. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली छापले गेले ते मद्रासेत! आपल्या देशात व्यापार करून सुखाने राहिलेल्या या लोकांच्या भाऊबंदांवर शंभर वर्षांनंतर काय ओढवले, ते आपल्या क्रमिक पुस्तकात कोठे आले नाही. निदान आमच्या पुस्तकात तरी नव्हते.

वाचले ते लोक हलेबला, बैरुतला, फ्रान्सला, अमेरिकेला गेले. बैरुतच्या शेजारी दलदलीच्या जागेत त्यांच्या झोपड्या पडल्या. त्याच झोपड्यांचे पुढे बुर्ज हम्मूद नावाचे गजबजलेले उपनगर झाले आणि १९५२ साली तेथे नगरपालिका आली. त्या उपनगरातल्या मोहल्ल्यांची नावे वाचताना आम्ही थबकलो. नोर मराश, नोर अदाना, नोर सिस. 'नोर' म्हणजे नवे. मराश, अदाना, सिस ही मागे राहिलेली गावे. घर गेले, शेत गेले, थडगी गेली. गावाचे नाव तेवढे कोणी हिसकावून घेऊ शकले नाही, ते त्यांनी दलदलीत रोवले. हे वाचता वाचता आम्हाला अकोल्याची कच्ची खोली आठवली. तेथे तर गावाचेही नाव नाही, नुसती खोली आहे!

परंतु स्मारकाचा मुद्दा पुरा करू. माँटेबेलोत आर्मेनियन लोक बहुसंख्य कधीच नव्हते. त्यांचे एक प्रार्थनामंदिर होते आणि भोवती मेक्सिकोतून आलेल्या कष्टकऱ्यांची मोठी वस्ती. तरीही जागा नगराच्या बागेत मिळाली. त्यासाठी कोणाला तरी नगरपालिकेत खेटे घालावे लागले असतील, समिती नेमावी लागली असेल, घरोघर वर्गणी मागावी लागली असेल. स्मारक दुःखातून आपोआप उगवत नाही. दुःख तर जिनात बोट तुटलेल्या बाईलाही असते. तिची नोंद रजिस्टरात तेव्हाच होते, जेव्हा तिच्यामागे चार माणसे उभी राहतात. त्या शिळेवर आपल्या मृतांबरोबरच इतर सर्व राष्ट्रांतील अत्याचारपीडितांचाही उल्लेख आहे. परक्या गावात जागा मागणाऱ्याने स्वतःच्या दुःखाबरोबर दुसऱ्याच्या दुःखालाही जागा दिली, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

आता महाराष्ट्रात येऊ. काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामासाठी कोल्हापूरला जाणे झाले. एक दुपार रिकामी होती, म्हणून महावीर उद्यानात गेलो. तेथे पोलंडच्या लोकांचा एक स्मृतिस्तंभ आहे. पोलिश माणसांचा कोल्हापुराशी काय संबंध, हा प्रश्न आम्हाला पडला तसाच तुम्हालाही पडला असेल.

१९३९ साली हिटलर आणि स्टॅलिन यांनी पोलंड वाटून घेतले. पूर्वेचा भाग रशियाकडे गेला. १९४० च्या फेब्रुवारीत, ऐन हिवाळ्यात, तेथील शेतकरी, शिक्षक, वनखात्यातले नोकर यांना बायकामुलांसह आगगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे नेण्यास सुरुवात झाली. जंगलतोडीच्या छावण्यांत आणि कझाकस्तानच्या माळांवर पुष्कळ माणसे मेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला. त्यामुळे स्टॅलिनला मित्रांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ साली ते कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. पुरुष सैन्यात गेले. उरलेल्या बायका, म्हातारी आणि मुले यांना ठेवायचे कोठे? काही आफ्रिकेत गेली, काही हिंदुस्थानात. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोरक्या मुलांना आश्रय दिला, ती कथा बरीच प्रसिद्ध आहे. त्याहून कितीतरी मोठी छावणी कोल्हापूरच्या पूर्वेस चारपाच मैलांवर, वळिवडे गावाजवळ, १९४३ साली उघडली. तेथे सुमारे ५,००० माणसे राहिली.

कोल्हापूरकर या कामाचे श्रेय छत्रपतींना देतात आणि संस्थानाची भूमी त्यांनी दिली हे खरेच आहे. पण इतिहास सांगावयाचा तर हेही सांगितले पाहिजे, की राजाराम महाराज १९४० साली वारले होते. गादीवर अल्पवयी वारस होता आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. युद्धकाळच्या सरकारी यंत्रणेने छावणी वसविली आणि लंडनमधील पोलिश सरकारने तिचा भार उचलला. एकट्या राजाची दया म्हणून सांगितली की गोष्ट गोड होते, म्हणून ती तशी सांगितली जाते. आमच्या मते तिची थोरवी अशी सांगितल्याने कमी होत नाही.

ओळीने लांब बराकी उभ्या राहिल्या. कौलारू छपरे, चटयांच्या भिंती. त्यांत शाळा निघाल्या, दवाखाना निघाला, प्रार्थनामंदिर झाले, नाटकगृह झाले, बालवीरांची पथके झाली. ज्या बायकांनी सैबेरियात लाकडे ओढली होती त्या येथे बाजारात भाजीचा भाव करू लागल्या. बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुलेही १९४६ साली इकडेच आली. परंतु युद्ध संपले तरी त्यांना परतावयास घर नव्हते. त्यांची गावे याल्टाच्या वाटाघाटीत रशियाला देऊन टाकली होती. ज्या लंडनच्या सरकारच्या नावाने ते जगत होते त्याची मान्यता इंग्रजांनी जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी होत गेली. कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कोणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, काही थोडे नव्या पोलंडात. एक पोलिश मुलगी कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न करून तेथेच राहिली. जे वारले होते ते कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिले.

ही पांगलेली मुले पुढे म्हातारी झाली, तरी त्यांनी एकमेकांचे पत्ते सोडले नाहीत. 'हिंदुस्थानातील पोलिश' अशा नावाची त्यांची संघटना लंडनात झाली. तिने आठवणी जमविल्या, २००० साली जाडजूड ग्रंथ छापला. महावीर उद्यानातला स्तंभ १९९८ सालचा. २०१९ च्या सप्टेंबरात त्यांच्यातील काही वृद्ध आणि पोलंडचे प्रतिनिधी वळिवड्यास आले आणि तेथेही स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पे वाहिली. पाच वर्षांच्या मुक्कामाची ही आठवण पाऊणशे वर्षांनंतरही ताजी आहे. शिळेवर बराकी बांधणाऱ्या गवंडी-मजुरांचा उल्लेख आम्हाला दिसला नाही. त्याची आम्हाला सवय आहे.

आम्ही बागेतून उठून वळिवड्याला गेलो. कोल्हापूर-मिरज मार्गावर त्या नावाचे स्टेशन आहे. पण छावणीची जागा विचारली की लोक गांधीनगर दाखवितात. गांधीनगर म्हणजे घाऊक कापडाचा मोठा बाजार. पश्चिम महाराष्ट्रातले आणि पलीकडे बेळगावकडचे छोटे दुकानदार येथे माल भरावयास येतात. उचगाव, वळिवडे, चिंचवाड, गडमुडशिंगी या भोवतालच्या गावांतून हा बाजार पसरला आहे आणि त्या गावांतली पोरे येथे गठ्ठे उचलतात, दुकानात उभी राहतात. आम्ही सवयीप्रमाणे दोघातिघांना पगार आणि सुट्टी विचारली. उत्तरे अकोल्याच्यापेक्षा निराळी नव्हती.

हे गांधीनगर कोणी वसविले? सिंधी निर्वासितांनी. पोलिश माणसे १९४८ साली ज्या बराकी सोडून गेली, त्याच बराकींत सिंधमधून निघालेली माणसे आणून बसविण्यात आली. एकाच्या चुलीची राख निवते न निवते तोच दुसऱ्याची चूल तेथे पेटली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतही तसेच झाले. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत लाखभर सिंधी कोंडले गेले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. महायुद्धाने मागे टाकलेली छपरे फाळणीच्या उपयोगी पडली!

सिंधचे दुःख पंजाब-बंगालपेक्षा एका बाबतीत वेगळे होते. पंजाब अर्धा तरी इकडे आला. सिंधचा एक तुकडाही भारतात आला नाही. जो सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, ज्याचा आणि आपल्या पुण्या-मुंबईचा गव्हर्नर एकच होता, तो अकरा वर्षांत परदेश झाला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि उरलासुरला धीर सुटला. दहा लाखांच्या वर माणसे जहाजांनी, आगगाड्यांनी निघाली. मुंबईच्या बंदरातून त्यांना गाड्यांत बसवून गावोगाव वाटून देण्यात आले. त्या वाटपात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला जी माणसे आली, त्यांच्यातून अमरावतीचा रामपुरी कॅम्प, कंवरनगर आणि अकोल्याचा सिंधी कॅम्प झाला.

येथे आम्हाला स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगावयास बरी वाटत नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी कापड दुकानातल्या गुमास्त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा आणि थकलेल्या पगाराचा लढा चालू होता. एका सभेत टाळ्यांच्या भरात आम्ही बोलून गेलो, की कॅम्पवाले बाहेरून आले आणि गावाचे मालक झाले. टाळ्या फार पडल्या. दुसऱ्या दिवशी वाटाघाटीला एका दुकानात गेलो. मालक सत्तरीचा, शिकारपूरकडचा. त्याने आमच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, पगाराचं बोलू. पण आधी हे पाहा." गल्ल्याखालच्या पत्र्याच्या डब्यातून त्याने घडीवर फाटलेला एक कागद काढला. निर्वासित नोंदणीचा. त्यावर कुटुंबातली माणसे सात लिहिली होती. "सात लिहिलेत. उतरलो पाच. आई मुंबईच्या धक्क्यावर गेली, भाऊ गाडीत."

आम्ही म्हणालो, "शेठजी, आम्हाला हे माहीत नव्हतं."

"माहीत कसं असेल? आम्ही सांगितलंच नाही. गाडीत गोळ्या-बिस्किटं विकत होतो. गोळ्या विकणाऱ्याला कोण विचारतं तुझी आई कुठं गेली म्हणून?"

पगाराची बाकी आम्ही सोडली नाही. त्यानेही पुरी दिली नाही. बरीच ओढाताण होऊन तडजोड झाली. पण त्या सभेतले वाक्य आम्ही पुन्हा कधी उच्चारले नाही. नंतर कित्येकदा मनात आले, की त्या कागदावरच्या सातांतून पाच वजा केल्यावर जी दोन माणसे उरतात, त्यांचा स्तंभ कोणत्या बागेत आहे?

पोलिश लोक गेले आणि त्यांचा दगड राहिला. सिंधी लोक राहिले, पण त्यांच्या छावणीच्या दिवसांचा दगड वऱ्हाडातल्या आमच्या दोन्ही गावांत आम्हाला कोठे आढळला नाही. त्यांच्याकडे संघटना नव्हती असे कोणी म्हणू नये. त्यांच्या पंचायती होत्या, शाळा निघाल्या, मंदिरे झाली. सरकारात 'क्लेम' लढविण्यात, मागे राहिलेल्या घराची किंमत सिद्ध करण्यात, मिळालेल्या जागेचा पट्टा नावावर करून घेण्यात त्या संघटनेची सारी ताकद गेली. निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा १९५४ साली झाला, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक कॅम्पांत जमिनीच्या मालकीचा वाद त्यानंतर दोन पिढ्या पुरला. ज्याच्या पायाखालची जागा कागदोपत्री आपली नाही, तो बागेत स्तंभासाठी जागा कशी मागणार?

आणि तरीही काहीच उभारले गेले नाही असे म्हणवत नाही. अमरावतीच्या कंवरनगरचे नाव घ्या. भगत कंवरराम हे सिंधमधले संतगायक. हिंदू-मुसलमान दोघेही त्यांच्या भजनाला गर्दी करीत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रूक नावाच्या स्टेशनात आगगाडीत त्यांना गोळी घालण्यात आली. फाळणीनंतर त्यांच्या वंशजांची गादी येऊन स्थिरावली ती आपल्या अमरावतीत. दूरदूरचे सिंधी त्या गादीच्या दर्शनाला येतात, आणि अमरावतीचा मराठी माणूस कंवरनगर म्हणजे एक पत्ता समजतो. बुर्ज हम्मूदच्या आर्मेनियनांनी मागे राहिलेल्या गावाचे नाव रोवले, अमरावतीच्या सिंध्यांनी मारल्या गेलेल्या संताचे. मग अकोल्याच्या लोकांनी काय रोवले? कच्ची खोली. स्वतःच्या हलाखीचे नाव! पुढे पैसा आला, माळे चढले, तरी ते बदलून कोणी 'लक्ष्मीनगर' केले नाही. आमच्या गिरणीकामगारांना हेही जमले नाही. सावतराम मिलचा भोंगा बंद झाला, आणि ज्यांचे आयुष्य त्या भोंग्यावर चालले त्यांच्या नावाची साधी गल्लीही नाही. हे दुसऱ्या कोणाचे नव्हे, आमचेच काम होते आणि ते आमच्या हातून राहून गेले.

या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही वही घेऊन पुन्हा कच्च्या खोलीत गेलो. तो शिकारपूरचा म्हातारा कधीच वारला. दुकान नातू चालवितो, आता तेथे मोबाईल मिळतात. त्याला विचारले, या वस्तीला कच्ची खोली का म्हणतात? तो म्हणाला, "काका, पहिल्यापासूनच म्हणतात." मग त्यालाच काय वाटले कोण जाणे, त्याने आत हाक मारली. आतून ऐंशीच्या पुढची एक बाई काठी टेकीत आली. निम्मे हिंदी, निम्मे मराठी असे बोलली. खोली मातीची होती, म्हणून कच्ची. पलीकडे विटांची होती, ती पक्की. मातीच्या भिंतीला पावसात भोक पडे.

"मग पावसात काय करत होता, आई?"

"पक्क्या खोलीवाल्यांकडे जाऊन बसायचो. चौदा-चौदा माणसं एका खोलीत." मग ती जरा थांबली आणि आमच्या वहीकडे बोट करून म्हणाली, "त्या खोलीवालीचं नाव लिहून घ्या." आणि तिने ते सांगितले.